पाहुण्यांनी बेटावर काय काय करावं

३ मार्च २०२५
कवाई, हवाई

चि. सावनी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, पुढे लिहावेसे वाटतील की नाही सांगता येत नाही.

हे पत्र हाताने लिहिते आहे, कारण माझा फोन तू ब्लॉक केलास आणि ई-मेल तू उघडत नाहीस. पाकीट मात्र पोस्टमन तुझ्या चँडलरच्या घराच्या पेटीत टाकणारच. फेकायचं म्हटलं तरी तुला ते एकदा हातात घ्यावं लागेल. मराठीत लिहिते आहे, कारण आपल्या ट्रॉयमध्ये चर्चच्या तळघरात दर रविवारी तुला आणि आणखी अकरा कार्ट्यांना मीच बाराखडी गिरवायला लावली होती. सावकाश वाच. शंतनूकडून वाचून घेऊ नकोस. तो नागपूरला शिकलेला, भरभर वाचेल, आणि नवऱ्याने सासूबद्दल वाचावं असं यात काही नाही.

तर मी तुझ्या बेटावर आले आहे. एकटी. बाबांना जाऊन पाच महिनेही झाले नाहीत आणि बाई निघाल्या हवाईला, असं मंडळातल्या बायका एव्हाना म्हणून मोकळ्या झाल्या असतील. म्हणू देत. अस्थी वगैरे घेऊन आलेली नाही, घाबरू नकोस. त्या तुझ्या काकाने नाशिकला नेल्या. मी आणला आहे तो एक कागद. तुझ्या लग्नाच्या वेबसाइटवरचं ते पान मी छापून घेतलं: ‘पाहुण्यांनी बेटावर काय काय करावं’. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली तरी ती वेबसाइट तू काढलेली नाहीस. तेव्हा पाहुणी म्हणून आले नाही, आता आले आहे. यादीतली एकेक गोष्ट करणार आणि तुला कळवणार. तुला नको असलं तरी.

विमान उतरायच्या आधी एक फॉर्म भरायला देतात. फळं, बिया, रोपं, काही आणलंय का? माझ्या बॅगेत आलं आणि कढीपत्ता होता. मी सरळ ‘नाही’वर खूण केली. फॉर्मवर खरं लिहायची मला सवय नाही.

यादीत पहिलीच ओळ आहे, ‘कोंबड्यांना हॅलो म्हणा.’ मला वाटलं होतं गंमत असेल. पार्किंगमध्ये, बीचवर, दुकानाच्या दारात, जिकडे बघावं तिकडे कोंबड्या, आणि कोणाच्याच नाहीत. पहाटे चारपासून एक कोंबडा माझ्या खिडकीखाली ओरडतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, इथे तर झाकायलाही कोणी जात नाही.

आता माझी बाजू एकदा लिहिते, म्हणजे नंतर म्हणायला नको. मुलाला माझा विरोध कधीच नव्हता. मराठी मुलगा, चांगली नोकरी, आईवडील साधे. मी मागितला असता तर असाच मागितला असता. मला फक्त लग्न ट्रॉयमध्ये हवं होतं. हॉल, गुरुजी, चारशे माणसं. अडतीस वर्षं आम्ही ज्यांच्या मुलांची लग्नं जेवलो, ती माणसं. तू म्हणालीस, चाळीस माणसं, बेटावर. भांडण झालं, ते मी नाकारत नाही. पण भांडणानंतर तू काय केलंस? लिंक पाठवलीस. वर लिहिलेलं, ‘डिअर गेस्ट’.

आपल्यात लग्न ठरलं की पहिली अक्षत देवापुढे ठेवतात, मग मोठ्यांच्या घरी जाऊन हातात देतात. सख्ख्या बहिणीने घरी येऊन बोलावलं नाही म्हणून माझी आत्या आयुष्यभर तिच्याकडे जेवली नाही. आणि मला, आईला, लिंक! तीच लिंक मंडळातल्या माझ्या मैत्रिणीला, मृणालिनीला, तीच तुझ्या ऑफिसातल्या पोरींना. मृणालिनीने त्याच दिवशी ‘येते’ म्हणून कळवलं आणि मग माझ्या जागी बसून, नवऱ्याला, विवेकला, शेजारी घेऊन, तुझं कन्यादानही करून टाकलं. फोटो बघितला मी. नाकात नथ होती तिच्या. तिच्या पन्नाशीला मीच दिलेली.

बाबांचं उत्तर तुला तेव्हा आलं होतं. त्यावरून ते गेले त्या दिवशी किचनमध्ये तू जे बोललीस, त्याबद्दल या पत्रात लिहीत नाही.

आई


५ मार्च

चि. सावनी,

आज बोट. ‘नापालीचे कडे समुद्रातून बघितल्याशिवाय परत जाऊ नका.’ बघितले. पहिली वीस मिनिटं बघितले, नंतर चार तास कागदाच्या पिशवीत तोंड. एक देवमासा वर आला म्हणे, सगळी बोट ओरडली. मला शेपटीसुद्धा दिसली नाही. तू यादीत लिहायला हवं होतंस की ज्यांना गाडीत मागे बसूनही मळमळतं त्यांनी जाऊ नये. तुला माहीत होतं मला मळमळतं. शिकागोला जाताना प्रत्येक वेळी गाडी कोणासाठी थांबायची?

बोटीवर एक जोडपं भेटलं. राधिका आणि परीक्षित, शिकागोजवळच्या शॉमबर्गचे. दोघं आयटीत. मी भाकरवडीचा डबा उघडला तशी ती मुलगी जवळजवळ किंचाळलीच.

“काकू, तुम्ही मराठी? ओ माय गॉड! परी, बघ ना, काकू मराठी आहेत!”

“डबा बघून ओळखलंस वाटतं,” मी म्हटलं.

“काकू, दोन वर्षं इंडियाला गेलो नाहीये. भाकरवडी कुठूनही ओळखेन.”

व्हिसाच्या शिक्क्याचं काहीतरी अडकलंय त्यांचं. देशाबाहेर गेले तर परत येता येईल याची खात्री नाही, म्हणून आईला भेटायला नागपूरला जाण्याऐवजी इथे आले आहेत. “इथे पासपोर्ट लागत नाही ना काकू. फॉरेनचा फील येतो, रिस्क नाही,” परीक्षित म्हणाला. पोरगा हसत होता, पण बायकोकडे न बघता.

मग राधिकाने विचारलं, “काका नाही आले?”

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “त्यांना पाण्याची भीती वाटते.”

पाण्याची भीती! सहासष्टाव्या वर्षी जो माणूस कम्युनिटी सेंटरच्या तरणतलावात आठ वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभा राहून पोहायला शिकला, त्याच्याबद्दल मी असं म्हणाले. बेटावर लग्न करायचं म्हणतेस हे तू फोनवर सांगितलंस त्याच आठवड्यात त्यांनी नाव घातलं होतं. निळा गॉगल, निळी टोपी. त्या टोपीत ते सोललेल्या कांद्यासारखे दिसायचे. व्हिडिओ कॉलवर टोपी घालून दाखवली तेव्हा तू इतकी हसलीस की तुला खोकला लागला. हे सगळं भांडणाच्या आधीचं.

‘ते गेले’ म्हणायला काय झालं होतं मला? दोन शब्द. पण तोंडातून त्यांच्या नावावर खोटं इतकं पटकन आलं, की माझं मलाच कसंतरी झालं. मळमळीने झालं असेल म्हणून सोडून दिलं.

आई


६ मार्च

चि. सावनी,

काल संध्याकाळी लुआऊ, ती इथली नाचगाण्याची मेजवानी, उरकला. तुझ्या यादीत त्याला तीन चांदण्या आहेत. दारातल्या मुलीने विचारलं, तुमच्याबरोबर किती जण? म्हटलं, एक. “एक आणि तुम्ही?” म्हटलं, बाई, एक म्हणजे मीच. गळ्यात हार घातला आणि फ्लोरिडाच्या एका मोठ्या कुटुंबाच्या टेबलाच्या टोकाला बसवलं. जमिनीत पुरून भाजलेलं डुक्कर बाहेर काढलं, सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मी अननस खाल्ला. नाच चांगला होता, खोटं कशाला बोलू.

आज राधिकाने जेवायला बोलावलं. ही पोरं बेटावरही कुकर घेऊन आली आहेत. राहायला घर भाड्याने घेतलंय, मुगाची खिचडी, पापड, वर तूप. तीन दिवसांनी जेवल्यासारखं जेवले. एक वाढणं संपलं. राधिका म्हणाली, “काकू, अजून घ्या ना.” मी म्हटलं, “नको गं, पुष्कळ झालं.”

“ओके काकू,” ती म्हणाली, आणि झाकण लावून कुकर आत घेऊन गेली.

मी बघतच राहिले. पोटात भूक होती. पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं, मग वाढणाऱ्याने आग्रह करायचा, मग ‘अगं, थोडीच’ म्हणत पान पुढे करायचं. आयुष्यभर असंच जेवत आलो. या मुलीने माझं ‘नको’ खरं मानलं, यात तिचं काही चुकलं नाही. मी खोलीवर येऊन उरलेल्या भाकरवड्या खाल्ल्या आणि खाता खाता एकदम रडू आलं. खिचडीसाठी नाही.

तुझ्या वेबसाइटवर दोन बटणं होती. एक, ‘आनंदाने येणार’. दुसरं, ‘खेदपूर्वक येऊ शकत नाही’. मी ते पान किती वेळा उघडलं असेल? सत्तावीस. मोजलं, कारण दर वेळी ठरवायची की ही शेवटची. तिसरं बटण शोधत होते मी. ‘येईन, पण आधी घरी येऊन बोलाव.’ तसं बटण नव्हतं. पाच आठवडे मी तुझी वाट बघितली. तू माझ्या उत्तराची वाट बघत होतीस, हे मला कळत नव्हतं असं नाही. मुदतीच्या दिवशी मी ‘खेदपूर्वक’ दाबलं.

तो रुसवा होता, सावनी. नकार नव्हता. लग्नघरात कोणीतरी रुसतंच. मग चार जण येतात, समजूत काढतात, हाताला धरून मांडवात नेतात. आई रुसली तर मुलगी येतेच, एवढंच माझ्या डोक्यात. बॅग भरून ठेवली होती मी. मोरपंखी पैठणी, मुंडावळ्या, तुझ्यासाठी हिरवा चुडा. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत बॅग पलंगाशेजारी उभी होती. आणि तू बटणाचा शब्द खरा मानलास, केटररला दोन पानं कमी सांगितलीस.

हे एवढं तरी मी कबूल करते. माझ्या नावापुढचं बटण मी दाबलं.

आई


८ मार्च

सावनी,

आज बाबांना जाऊन बरोबर पाच महिने झाले. यादीतली एकच ओळ राहिली होती. मुद्दाम शेवटी ठेवली होती मी. पाठ आहे मला, तरी तुझ्यासाठी उतरवते:

‘नुकतंच पोहायला शिकलेल्या पाहुण्यांसाठी: दगडांचा बांध घातलेली शांत जागा. पाणी छातीएवढं, लाट आत येत नाही. सकाळी आठच्या आधी जा. सोबत हवी असेल तर मी येईन.’

तुझ्या चाळीस पाहुण्यांत नुकतंच पोहायला शिकलेला पाहुणा एकच होता.

मी सात वाजता गेले. पंजाबी ड्रेस घालूनच पाण्यात उतरले, कमरेपर्यंत. पर्समधून बाबांचा गॉगल आणि टोपी आणली होती. गॉगल हातात धरला, घातला नाही. पाणी तू म्हटलंस तसंच आहे. लाट बाहेर दगडांवर आपटते, आत नुसतं हलतं. एक म्हातारा पाठीवर तरंगत होता, पोट वर, डोळे मिटलेले. बाबांना तसं तरंगायला नुकतंच जमायला लागलं होतं.

आता लिहिते. तू आधी बस.

बाबांनी तुला काहीही लिहिलं नव्हतं. ते मी लिहिलं.

त्यांचा कंपनीचा ई-मेल निवृत्तीनंतर बंद झाला. त्यानंतर आम्हा दोघांत एकच पत्ता होता आणि तो माझ्या फोनवर. तुझी लिंक आली ते मी त्यांना सांगितलं नाही. ते दर दोन दिवसांनी विचारायचे, “सावनीचं आमंत्रण आलं का गं?” मी म्हणायची, नाही. “मी फोन करू का तिला?” मी म्हणायची, “पोटच्या मुलीने बोलावलं नाही, आपण काय भीक मागायची?” हे ऐकलं की ते गप्प व्हायचे. अडतीस वर्षांत त्यांनी माझं कधी मोडलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

मुदतीच्या दिवशी मी एक नाही, दोन बटणं दाबली. त्यांच्या नावाखाली निरोपासाठी रिकामी चौकट होती. तिच्यात मी इंग्रजीत लिहिलं की या बीचवरच्या तमाशात मला रस नाही. त्यांच्या नावाने. माझ्या नावाखालची चौकट रिकामी ठेवली. माझा शब्द वाचून तू धावत येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. त्यांचा वाचून येशील असं वाटलं. तू आली नाहीस. त्यांना फोनही केला नाहीस. दोघं एकाच मातीचे.

पण तेवढंच कारण नव्हतं. आज पाण्यात उभी राहून स्वतःला विचारलं तेव्हा खरं कारण सापडलं, किंवा सापडलेलंच होतं. त्या यादीत बाबांसाठी एक ओळ होती. माझ्यासाठी नव्हती. सत्तावीस वेळा शोधली मी. मळमळणाऱ्यांसाठी, शाकाहारी माणसांसाठी, रुसलेल्यांसाठी, काहीही चाललं असतं. एवढा मोठा बेत आखताना माझ्या मुलीला माझी एकही गोष्ट आठवली नव्हती. मला हेवा वाटला. नवऱ्याचा हेवा वाटला मला. त्या ओळीवर बोट ठेवलं होतं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

लग्नाच्या दिवशी त्यांनी विचारलं, “तिकडे आत्ता किती वाजले असतील?” मी म्हटलं, सहा तास मागे आहेत. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि तुझा मुहूर्त असेल त्या वेळेला पोहायला गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. क्लोरीन म्हणाले. पुढे तुझ्या वाढदिवसाला त्यांनी कार्ड पाठवलं, ते तू न उघडता परत केलंस. ते पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं, म्हणाले, “तिचं काहीतरी खूप दुखावलंय गं.” मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

ते गेले त्या दिवशी तू आलीस, दोन तास थांबलीस, त्यांच्याजवळ बसली नाहीस. किचनमध्ये मला म्हणालीस, “ही कॉल्ड माय वेडिंग अ तमाशा, आई. दॅट्स द लास्ट थिंग ही एव्हर सेड टु मी. व्हाय शुड आय क्राय?” मी ग्लास विसळत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. बाबा बाहेरच्या खोलीत होते, तू जाऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला असतास. मी दुसरा ग्लास घेतला.

मुलीने लग्नाला बोलावलं नाही, असं समजूनच ते गेले. आणि बापाने आपल्या लग्नाला तमाशा म्हटलं म्हणून तू कोरड्या डोळ्यांनी विमानात बसलीस. दोन्ही माझं आहे. मंडळातल्या कोणालाही हे माहीत नाही. मृणालिनीलाही नाही. तिच्यावर मी दोन वर्षं डाफरते आहे, आणि ती बिचारी तुझ्या शेजारी कोणीतरी बसावं म्हणून बसली.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

सुवर्णा


१५ मार्च
ट्रॉय

चि. सावनी,

बेटावरून मी एकही पत्र टाकलं नाही. शेवटच्या पत्राशिवाय आधीची तीन पाठवली असती तर तोही खोटेपणाच झाला असता. पाचही एकत्र पाठवते आहे. क्रमाने वाच.

येताना विमानतळावर राधिका भेटली. गळ्यात पडली, म्हणाली, “काकांना सांगा, नेक्स्ट टाइम नक्की या, आम्ही पोहायला शिकवू.” मी तिला बाजूला बसवलं आणि खरं सांगितलं. काका गेले, आणि त्यांना पोहता येत होतं. तिने पर्समधून अर्धा पराठा काढून माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं नाही.

इथे अजून बर्फ आहे. बाबांचा गॉगल या पाकिटात ठेवला आहे, तो तुझा. परत केलेलं कार्डही आहे. ते मी उघडलेलं नाही. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही आणि यापुढे विचारणार नाही.

त्यांचं वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे सप्टेंबरच्या सत्तावीसला येतं, शनिवारी, इथे घरीच. तुला घरी येऊन बोलवायला हवं, ती रीत मीच तुला शिकवली. पण तुझ्या दारात मी उभी राहिले तर तुला नाही म्हणणं अवघड जाईल, म्हणून येत नाही. सोबत एक कार्ड आहे, पट्टी घेऊन मीच आखलंय. दोन चौकोन आहेत. ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. ‘खेदपूर्वक’ वगैरे लिहिलेलं नाही. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलंय.

‘नाही’वर खूण केलीस तर ती मी ‘नाही’च समजेन. रुसलीस असं मानणार नाही, समजूत काढायला कोणाला पाठवणार नाही, मंडळात तुझ्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. खुणेखाली थोडी रिकामी जागा सोडली आहे, तुला काही लिहायचं असेल तर. भरलीच पाहिजे असं नाही.

फक्त खूण तू स्वतः कर. दुसऱ्या कोणाला करू देऊ नकोस.

आई